फेकजाळ्यासाठी शिशाचे मणी घरी ओतणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाथसागर, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी, पाणी कुठलेही असो, जाळे विणून झाले की प्रश्न वजनाचा येतो. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातले दुसऱ्यात परत सांगितलेले नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ओतकाम पहिल्यांदाच करणार असाल तर 9 ते 11 हे प्रश्न वाचल्याशिवाय शेगडी पेटवू नका.

1. शिसंच कशाला? लोखंडाचे नट ओवले तर चालत नाही का?

चालतात. 20 ग्रॅमचा शिशाचा मणी पाण्यात साधारण 18.2 ग्रॅम भरतो आणि 20 ग्रॅमचा लोखंडी नट 17.5 ग्रॅम, म्हणजे बुडण्याच्या जोरात फरक नगण्य. शिसे निवडतात ते दुसऱ्या कारणांनी. ते गंजत नाही, त्यामुळे दोरी कुजत नाही. ते मऊ असते, दगडावर आपटले तरी जाळ्याचे धागे लोखंडाच्या कडेइतके कापले जात नाहीत. आणि 327 अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून घरी ओतता येते. भाजक्या मातीचे मणीही असतात, पण 20 ग्रॅमचा मातीचा मणी पाण्यात जवळपास निम्मे वजन गमावतो. उथळ ओढ्याला ठीक, धरणाच्या पाण्याला नाही. घरात लहान मुले असतील तर लोखंडी नट किंवा साखळीच बरी, ती दर दोन हंगामांनी बदलावी लागली तरी.

2. आठ फुटी जाळ्याला किती शिसं लागतं?

आठ फुटी म्हणजे शेंड्यापासून काठापर्यंत आठ फूट असे धरले तर घेर सुमारे 50 फूट, म्हणजे 15.3 मीटर होतो. मीटरला 290 ग्रॅम धरा. एकूण साडेचार किलो. 20 ग्रॅमचे 225 मणी, दोन मण्यांच्या मध्यातले अंतर 6.8 सेंटिमीटर. याच हिशेबाने सहा फुटीला 3.3 किलो म्हणजे 167 मणी आणि दहा फुटीला 5.6 किलो म्हणजे 280 मणी.

खोल, संथ पाण्यात मीटरला 350 ग्रॅमपर्यंत जा. वजन कमी पडले की जाळे तळाला टेकायच्या आत रोहू काठाखालून निसटतो. गुडघाभर पाण्यात 220 ग्रॅम पुरते. त्याहून जड जाळे फेकून खांदा भरून येतो, मासा जास्त मिळत नाही. ओतताना शेपटे (साच्याच्या तोंडात उरलेले शिसे) आणि मळी (वर येणारी करडी भुकटी) निघते, म्हणून साडेचार किलोच्या मण्यांसाठी पाच किलो स्वच्छ शिसे जवळ ठेवा.

3. वितळवल्याशिवाय जमत नाही का?

जमते, आणि एकाच जाळ्याचा प्रश्न असेल तर आमचे मत याच पद्धतीच्या बाजूने आहे. 2 मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा घ्या. त्याचा एक चौरस सेंटिमीटर 2.27 ग्रॅम भरतो, म्हणून 27 × 33 मिलिमीटरचा तुकडा 20 ग्रॅमचा होतो. पत्र्याच्या कात्रीने पट्ट्या कापा, 3 मिलिमीटर दोरीभोवती गुंडाळा (दीड वेढ्याहून थोडे जास्त होईल) आणि लाकडी हातोडीने हलके ठोका. जाळ नाही, धूर नाही, उडणारा धातू नाही. हातमोजे मात्र हवेत, आणि हात धुण्याचा नियम इथेही तोच (प्रश्न 16). करवतीने किंवा ग्राइंडरने कापू नका, त्याची धूळ उडते.

तोटा एकच. गुंडाळलेला मणी दोन-तीन हंगामांत उलगडतो, ओतलेला उलगडत नाही.

4. भंगारातलं शिसं ओळखायचं कसं?

नखाने ओरखडा उठतो आणि ताजा ओरखडा चकचकीत दिसतो. कागदावर घासले की शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. फरशीवर टाकले तर ठण् न वाजता धप् वाजते. पातळ तुकडा हाताने वाकतो. या चारही गोष्टी जुळल्या तर घ्या.

जुन्या केबलवरचे आवरण, जुन्या पाइपांचे तुकडे आणि पत्रा हे सगळ्यांत मऊ. गाडीच्या चाकाला लावायची वजने शिशाची असू शकतात, तशीच जस्ताची किंवा लोखंडाचीही असतात, म्हणून प्रत्येक तुकडा तपासावा लागतो. सोल्डर महाग असते आणि त्यात कथील असते, ते मण्यात घालणे म्हणजे पैसे पाण्यात. बिदरीचे मोडके तुकडे कुणी शिसे म्हणून देईल. बिदरी ही जस्त आणि तांब्याची मिश्रधातू असते, ती कढईत पडली तर काय होते ते प्रश्न 13 मध्ये आहे.

5. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरी पडून आहे. ती फोडू का?

नाही. आत नुसते शिसे नसते. पाट्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा आणि सल्फेटचा लगदा असतो, तो वाळला की धूळ होतो, आणि ती धूळ शिशाच्या गोळ्यापेक्षा कितीतरी सहज अंगात जाते. सल्फ्युरिक आम्ल वेगळेच. पाट्यांच्या शिशात अँटिमनी आणि आर्सेनिक मिसळलेले असू शकते. अशा शिशाच्या मळीला ओल लागली तर अत्यंत विषारी वायू सुटू शकतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणेही जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यायची असते. नवी घेताना जुनीचे पैसे वळते होतात, ते घ्या आणि मण्यांसाठी वेगळे शिसे आणा.

6. भांडं कुठलं चालेल?

बिडाची कढई (बीड जिल्हा नव्हे, धातू) किंवा जाड बुडाचे पोलादी भांडे. दीड-दोन लिटरचे पुरे. शिसे पाण्याच्या अकरापट जड असते. 5 किलो शिसे अर्ध्या लिटरलाही भरत नाही, पण 100 मिलिलिटरची पळी काठोकाठ भरली तर किलोच्या वर जाते. म्हणून कढईचे कान मजबूत हवेत आणि पळी छोटी, 30 ते 40 मिलिलिटरची, लांब लोखंडी दांड्याची.

ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नका. ते वितळत नाही, पण तापल्यावर एवढे वजन पेलताना वाकते. जस्त चढवलेली बादली नको, पितळ नको, डाग लावून जोडलेले काहीही नको. आणि एकदा शिसे वितळवलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात येत नाही. त्यावर लाल रंगाची खूण करा.

7. जागा कुठली? पडवीत चालेल का?

पडवी, गोठा, बंद शेड यांपैकी काही नाही. उघड्यावर, घरापासून आणि विहिरीपासून लांब, वारा पाठीवर घेऊन. खाली कोरडी वाळू पसरा. फरशी किंवा सिमेंट नको, तापलेले शिसे पडले की सिमेंटमधल्या ओलीमुळे टवके उडू शकतात. गॅसची शेगडी बरी, कारण आच कमी-जास्त करता येते. भात्याच्या कोळशावर तापमान हातात राहत नाही.

8. साचा घरी कसा करायचा?

ॲल्युमिनियमच्या 25 मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या समोरासमोर शिकंज्यात घट्ट धरा. दोघींच्या सांध्यावर वरून 10 मिलिमीटरच्या बिटाने 27 मिलिमीटर खोल भोक पाडा, त्याच्या तळाला मध्यावर 4 मिलिमीटरचे भोक आणखी 10 मिलिमीटर खोल. वरचे तोंड मोठ्या बिटाने फनेलसारखे उघडा. 4 मिलिमीटरची पोलादी सळई मधल्या भोकात उभी केली की तिच्याभोवती मण्याची जागा तयार. हा मणी 20 ग्रॅमच्या आसपास येतो. एका पट्टीत सहा भोके आरामात बसतात. गावात लेथवाला असेल तर त्याला एवढे मोजमाप पुरे.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्याबद्दल बरेच जण विचारतात. तो उन्हात आठ दिवस वाळवला तरी कोरडा होत नाही. त्यातले पाणी रासायनिकरीत्या बांधलेले असते आणि ते सव्वाशे-दीडशे अंशांच्या पुढे सुटते, म्हणजे नेमके शिसे ओतल्यावर. मे महिन्यातले मराठवाड्याचे ऊन कितीही भाजून काढो, ते तिथवर जात नाही. सागवानाचा साचा पाच-सहा ओतींत जळतो.

9. ओतायची पूर्ण पद्धत सांगा.

पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे, चामडी बूट, चामडी हातमोजे, तोंडभर येणारी पारदर्शक ढाल. नायलॉन किंवा टेरिकॉट अंगावर नको, ते कातडीला चिकटते. चपलेवर कधीच नाही. धुळीसाठी एन-95 किंवा त्याहून वरचा मुखवटा. उपरण्याने शिशाची धूळ अडत नाही.

साच्याच्या आतल्या बाजूला आणि सळयांना तेलाच्या दिव्याची काजळी धरा, मणी सुटायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. थंड कढईत कोरडे शिसे ठेवा, मग शेगडी पेटवा, आच मध्यम. साचा आणि पळी शेगडीच्या कडेला तापत ठेवा. शिसे वितळून तापमान 360 ते 400 अंशांत आले की वाटाण्याएवढे मेण टाका आणि लोखंडी सळईने ढवळा. मेण धूर करते, भडकते, दचकू नका पण तोंड लांब ठेवा. वर आलेली करडी मळी झाऱ्याने हलकेच काढून झाकणाच्या डब्यात टाका (प्रश्न 15).

पळी बुडवून, सळईच्या बाजूने एका धारेत ओता. मधे थांबलात तर मण्यात शिवण पडते. दहा-पंधरा सेकंदांत वरची चमक जाऊन पृष्ठभाग मळकट दिसतो. तेव्हा सळई पिळून उपसा. शिसे गोठताना सुमारे साडेतीन टक्के आकसते आणि सळईला आवळते, मिनिटभर उशीर केलात तर पक्कड लागेल. साचा उघडा, मणी कोरड्या वाळूत पाडा. पाण्यात पाडून थंड करायची सवय लोहारकामातली आहे, ती इथे आणू नका.

काम संपले की उरलेले शिसे कढईत गोठू न देता कोरड्या, तापवलेल्या लोखंडी पन्हळीत ओतून कांड्या करा. कढईत गोठलेला गोळा पुढच्या वेळी तळातून आधी वितळतो आणि वरची साय फोडून उसळतो.

10. थर्मामीटर नाही. अंदाज कसा घ्यायचा?

के-प्रकारच्या तारेचा डिजिटल तापमापक मिळतो, आधी तो घ्या. तोवर: शिसे पाऱ्यासारखे लखलखते आणि झाऱ्याने मळी बाजूला केल्यावर तसेच राहते, ती वेळ ओतायची. पृष्ठभागावर लगेच पिवळी, मग जांभळी-निळी साय धरू लागली तर ते जास्त तापले आहे. आच कमी करा. 500 अंशांच्या पुढे शिशाची वाफ लक्षणीय होते, ती डोळ्यांना दिसत नाही. लाल होईपर्यंत तापवणे म्हणजे सरळ विष हुंगणे.

11. पाण्याचा एक थेंब पडला तर एवढं काय होतं?

थेंब वर पडला तर चुर्र होऊन उडून जातो. तोच थेंब शिशाच्या खाली सापडला तर त्याची वाफ सुमारे 1600 ते 1700 पट जागा मागते आणि वरचे सगळे शिसे घेऊन बाहेर येते. म्हणून ओली पळी, ओला साचा, दवात राहिलेली कांडी, गंजलेल्या तुकड्यातली पोकळी, या सगळ्या गोष्टी पावसाच्या सरीपेक्षा वाईट. आभाळ भरून आले असेल तर काम काढू नका. चालू कामात पाऊस आला तर शेगडी बंद करा, कढईवर कोरडे लोखंडी झाकण ठेवा आणि बाजूला व्हा. कढई उचलून पळू नका.

वितळलेल्या शिशात नवा तुकडा टाकायचा असेल तर तो कढईच्या काठावर पाच-दहा मिनिटे तापवून मगच, चिमट्याने.

12. जुन्या जाळ्याचे मणी वितळवून नवे करायचे आहेत. काही वेगळं?

हो, आणि सर्वांत जास्त अपघाताची शक्यता इथेच. जुन्या मण्याच्या भोकात गाळ आणि पाणी अडकलेले असते, वरून कोरडे दिसले तरी. दोरीचा नायलॉन तुकडा राहिला तर तो जळून घाण धूर करतो. दोरी पूर्ण काढा, भोकातून तार फिरवा (मणी ओला असतानाच, म्हणजे धूळ उडत नाही), दोन दिवस उन्हात ठेवा आणि थंड कढईत टाकूनच आच द्या. वितळलेल्या शिशात जुना मणी कधीही टाकायचा नाही.

13. शिसं खिचडीसारखं घट्ट झालं, साच्यात उतरत नाही. बिघडलं का?

बहुधा जस्त मिसळले. जस्त 419 अंशांना वितळते, म्हणून शिसे 380 च्या आसपास ठेवले तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. आच वाढवलीत की ते मिसळते आणि मग घरी वेगळे करणे शक्य नाही. तो माल भंगारवाल्याला स्पष्ट सांगून द्या. चांगले शिसे त्यात घालून सुधारायचा प्रयत्न केला तर तेही जाते.

14. मणी सुरकुतलेले किंवा अर्धवट येतात.

सुरकुत्या म्हणजे साचा थंड. पहिल्या चार-पाच ओती अशाच येतात, त्या परत कढईत. अर्धवट मणी म्हणजे शिसे थंड किंवा धार तुटली. मणी दाणेदार, भुरकट दिसत असेल तर उलट, साचा फार तापला आहे, दोन मिनिटे थांबा. मण्यात बुडबुड्याची पोकळी असेल तर काजळी जाड झाली किंवा तेल लागले. भोकाच्या कडा धारदार राहिल्या तर दोरी एका हंगामात कापते. 6 मिलिमीटरचे बिट हाताने दोन वेढे फिरवून कड मोडा, खाली ओला कागद ठेवा. कानस आणि सँडपेपर नको.

15. निघालेली मळी कुठं टाकायची?

उकिरड्यावर नाही, नाल्यात नाही, शेतात तर नाहीच. ही करडी भुकटी म्हणजे मुख्यतः शिशाचे ऑक्साइड, संपूर्ण कामातली सगळ्यांत धोक्याची वस्तू. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोरडी ठेवा, डब्यावर ‘शिसे, विषारी’ लिहा आणि शिसे घेणाऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्या. जागा झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा (शेगडी आणि कढई पूर्ण थंड झाल्यावर) आणि फडके तशाच वेगळ्या डब्यात.

16. तंबाखू मळायच्या आधी हात धुवायलाच पाहिजे का? एवढ्यानं काय होतं?

यानेच होते. घरगुती ओतकामात शिसे श्वासापेक्षा हातावाटे तोंडात जास्त जाते, आणि तळहातावर चुना-तंबाखू मळणे हा त्याचा सर्वांत सोपा रस्ता. बिडी, गुटखा, चहाचा कप, सगळ्याला तोच नियम: साबण आणि खरखरीत घासणीने, नखांसह, वाहत्या पाण्यात. गळाच्या दोरीवर मणी दाताने चावून बसवायची सवय असेल तर ती आजच सोडा, पक्कड वापरा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

17. घरात लहान मूल आहे, सून गरोदर आहे. मग?

मग ओतकाम करू नका, तयार मणी घ्या किंवा लोखंड लावा. शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते, हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि नाळेतून बाळापर्यंत जाते. मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. जाळे दुरुस्तीला घरात घेतले तर मण्यांशी मुले खेळणार नाहीत एवढे पाहा.

18. रक्ताची तपासणी कधी करायची?

वर्षात दोन-तीनदा ओतकाम होत असेल तर वर्षातून एकदा. शिरेतल्या रक्तातली शिशाची पातळी असे लॅबला सांगा. आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. 5 किंवा त्याहून जास्त आला तर जागतिक आरोग्य संघटना स्रोत शोधून तो बंद करायला सांगते. अमेरिकेत मुलांसाठीची संदर्भपातळी 3.5 आहे. पोटात कळा, बद्धकोष्ठ, सततचा थकवा, सांधेदुखी, पांढुरका चेहरा दिसला तर वर्ष संपायची वाट पाहू नका आणि डॉक्टरांना शिशाचे काम करतो हे आधी सांगा. नाहीतर उपचार पित्ताचा होतो.

19. भाजलं तर?

वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे. कातडीला चिकटलेले शिसे ओढून काढू नका. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. डोळ्यात गेले तर पाण्याने धुत धुतच दवाखाना गाठा. जमिनीवर सांडलेल्या शिशावर मात्र पाणी नाही, कोरडी वाळू (कारण प्रश्न 11 मध्ये).

20. हरवलेल्या मण्यांनी पाणी खराब होतं का?

धातूचे शिसे पाण्यात फार सावकाश विरघळते. खरा फटका पाखरांना बसतो. बदके आणि हंस दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत शिशाचा बारीक मणी गेला की पोटात झिजून विषबाधा होते. याच कारणाने ब्रिटनमध्ये 1987 पासून 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या गळवजनांवर बंदी आली. जायकवाडी (म्हणजेच नाथसागर) 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि छत्रपती संभाजीनगरला पाणी तिथूनच जाते. काठावर तुटलेले मणी वेचा, आणि गळाला लावायच्या बारीक वजनांसाठी तरी शिसे सोडून लोखंड घ्या.

21. याच साच्यातून बारा बोअरचे छर्रे निघतील का?

नाही, आणि त्याची कृती इथे मिळणार नाही. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात आणि परवान्याशिवाय ते तयार करणे गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसे बनवायचा परवाना नव्हे. परवानाधारकाने काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायची असतात.

22. कल्हई करताना कथिलात थोडं शिसं घातलं तर स्वस्त पडतं म्हणतात. उरलेलं त्यात वापरू का?

कदापि नाही. चिंच, आमसूल, ताक अशा आंबट पदार्थांत ते शिसे सरळ उतरते. कल्हईला फक्त शुद्ध कथील. कल्हईवाल्याने आणलेली कांडी कागदावर घासून पाहा, ठळक करडी रेघ उठली तर परत करा.